‘पुट ऑफ’ म्हणजे बंद नाही: एका हुकलेल्या इंटरव्ह्यूची पूर्ण केस

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका पोरीचा इंटरव्ह्यू हुकला. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात बिलिंग काउंटरची जागा होती, पोरगी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर येतो, बोलायला चुणचुणीत, आणि रोजचं जाणं-येणं परवडणार नाही म्हणून मामाकडे राहायची सोय पण झाली होती. सगळं जमून आलं होतं आणि एका मेसेजमधल्या दोन शब्दांपायी गेलं. पुट आणि ऑफ. हे दोन्ही शब्द तिला शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून येतात.

तिचं नाव मुद्दाम देत नाही, गाव पण नुसतं दारव्हा तालुक्यातलं एवढंच सांगते. पण बाकी काय झालं, का झालं आणि नंतर आम्ही ते दोन शब्द पुन्हा कसे शिकलो हे सगळं लिहून काढतेय, कारण खेड्यात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एकतरी केस असणार, फक्त कोणी ती उकलून बघत नाही, पोरगं इंग्रजीत कच्चं आहे म्हणून सोडून देतो आपण.

कच्ची ती नाहीच. माझ्या वेळी झेडपीच्या शाळेत एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे या पोरीनं पहिली ते बारावी आणि वर कॉलेजची तीन वर्षं असं पंधरा वर्षं इंग्रजी काढलंय. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता, मी फक्त एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

तर इंटरव्ह्यू गुरुवारी होता. बुधवारी संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला, तिनं तो अजून डिलीट केलेला नाही: युवर इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे, सेम टाईम, सेम प्लेस. एवढाच. खाली कोणाचं नाव नाही.

तिनं वाचलं ते असं: इंटरव्ह्यू बंद ठेवलाय, सोमवारपर्यंत. सेम टाईम सेम प्लेसचा अर्थ तिनं असा लावला की पुन्हा सुरू झाला की वेळ आणि जागा तीच राहील, तारीख नंतर कळवतील. म्हणून ती थांबली. शुक्रवार-शनिवार घरीच, रविवारी तुरीच्या कामात, आणि सोमवारी ज्या वेळी तिकडे तिचं नाव पुकारलं असेल त्या वेळी ती आईसोबत वावरात ओटी बांधून कापसाचा शेवटचा वेचा करत होती. मंगळवारी पण फोनकडे लक्ष ठेवून होती. बुधवारी सकाळी तिला राहवलं नाही, सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेली, 40 किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, तिथं काउंटरवर विचारलं तर कळलं की इंटरव्ह्यू सोमवारीच झाले आणि माणूस घेतला पण.

संध्याकाळी अभ्यासिकेत आली ती गप्पच बसली. बाकीच्या पोरी गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मले वाटलं का इंटरव्ह्यू बंद झाला. त्यायनं तर सोमवारीच घेतला. मंग बंद कायले लिहिलं?"

मी मेसेज वाचला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं की अगं बंद कुठे लिहिलंय, पुढे ढकलला असं लिहिलंय. हे मी बोलायला नको होतं, तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण त्यानंतर तिनं जे केलं त्यानं मी हादरले. तिनं पिशवीतून वही काढली, मागच्या वर्षी मी त्यांना पन्नास फ्रेजल व्हर्बची, म्हणजे पुट ऑफसारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांची, यादी लिहून दिली होती, इकडे इंग्रजी तिकडे मराठी, ती यादी उघडली आणि बोटानं दाखवलं. एकतिसावा नंबर. पुट ऑफ, समोर तिच्याच अक्षरात, पुढे ढकलणे. तिला यादी पाठ होती, त्या वेळी मी घेतलेल्या चाचणीत तिनं हा अर्थ बरोबर लिहिला होता, आणि तरी मेसेज आला तेव्हा एकतिसावा नंबर तिच्या मदतीला आलाच नाही.

खरा प्रश्न हाच आहे. न येणारा शब्द चुकला तर समजू शकतं. येणारा, पाठ केलेला, चाचणीत बरोबर आलेला शब्द गरजेच्या वेळी कुठे गेला?

दोन-तीन दिवस मी हेच समजत होते की तिनं अंदाज लावला. आपल्याकडे ऑफ हा शब्द आता मराठीच झालाय. मोबाईल स्विच ऑफ, टीव्ही ऑफ, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर लाल बटण असतं ते ऑफचं. खेड्यातल्या पोरांनी ऑफ हा शब्द पुस्तकात वाचायच्या आधी बोटानं दाबलेला असतो, शेतीची लाईन आठ तास येते, कधी रात्रीची येते, त्यामुळे मोटर ऑन झाली का ऑफ झाली हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तर ऑफ म्हणजे बंद आणि पुट म्हणजे ठेवणं, बंद करून ठेवलं, असा हिशेब तिनं केला असेल असं मी धरून चालले होते.

पण ते अर्धंच होतं. शनिवारी ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, आमच्या शाळेत सर रोज म्हणत होते, पुट ऑफ द फॅन. सुट्टी झाली का मॉनिटरनं पंखे बंद करायचे. मी मॉनिटर होती."

हे ऐकल्यावर सगळं जागेवर बसलं. पुट ऑफ द लाईट, पुट ऑफ द फॅन, हे इंग्रजी आपल्या देशात सर्रास बोललं जातं आणि ते चूक नाही, ब्रिटिश इंग्रजीत पण दिवा बंद करणं या अर्थानं पुट ऑफ आहे. म्हणजे पोरीनं अंदाज लावलेलाच नव्हता. तिला पुट ऑफचा एक अर्थ पक्का माहीत होता, तो तिनं स्वतःच्या हातानं दोन वर्षं रोज पंख्याच्या बटणावर केला होता. माझ्या यादीतला अर्थ तिनं एकदा लिहिला, दोनदा घोकला, एकदा चाचणीत उतरवला. दोन्ही अर्थ समोरासमोर आले तेव्हा हातानं शिकलेला जिंकला. यात तिची काही चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. चूक यादीची आहे, कारण यादीत पुट ऑफला एकच अर्थ होता आणि तो कोणत्या गोष्टीला लागतो हे कुठेच नव्हतं. पंखा बंद करतात. इंटरव्ह्यू, लग्न, परीक्षा, पेरणी यांना बटण नसतं, त्यांना तारीख असते. तारीख असलेली गोष्ट पुट ऑफ झाली की ती पुढे गेली. इतकं साधं वाक्य मी त्या यादीपुढे कधी बोलले नव्हते.

आता दुसरा पेच, टिलचा. याच्यावर मी बऱ्याच जणांशी बोलले आणि प्रत्येकाला तो आधी दिसलाच नाही. टिल म्हणजे पर्यंत, हे बरोबरच आहे. पण मराठीत पर्यंतचा अर्थ शेजारच्या क्रियापदावर फिरतो. बँक सोमवारपर्यंत बंद आहे असं म्हटलं तर सोमवारी कोणी बँकेत जातं का? नाही जात, सोमवार पण बंदमध्येच धरतो आपण. आणि लग्न सोमवारपर्यंत पुढे ढकललं म्हटलं तर? मग लग्न सोमवारी आहे, आहेरासकट हजर राहायचं. पर्यंत तोच, सोमवार तोच, एकात सोमवारी घरी बसायचं आणि एकात तयार होऊन जायचं. पोरीनं एकदा बंद धरल्यावर पुढचं टिल मंडे आपोआप उलटं वाचलं गेलं. एका चुकीनं दुसरी चूक बरोबर असल्यासारखी दिसायला लागली, म्हणून तिला शंका पण आली नाही. शंका आली असती तर तिनं मला फोन केला असता, घर चार गल्ल्या सोडून आहे.

मग ठरवलं की हे दोन शब्द आता यादीनं शिकवायचे नाहीत.

अभ्यासिका आमची समाजमंदिरात भरते, संध्याकाळी साडेसहानंतर, वावरातून येऊन हातपाय धुवून पोरी येतात, सात-आठ पोरी आणि दोन-तीन पोरं. पहिल्या दिवशी मी इंग्रजी काढलंच नाही. फळ्यावर लिहिलं: मी येऊन राहिलो. आणि विचारलं, हा माणूस कुठे राहिला?

सगळे हसले. राहिला कुठे, तो तर रस्त्यानं येऊन राहिला. मी म्हटलं पण राहिलो लिहिलंय ना, राहणं म्हणजे मुक्काम करणं. तर एक पोरगी म्हणाली, "नाही नं मॅडम, इथं राहिलो म्हणजे राहिलो नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहून ठेवलं. राहिलो म्हणजे राहिलो नाही.

माझा एक चुलत भाऊ पुण्यात कामाला आहे. पहिल्या महिन्यात त्यानं रूमवरच्या मित्राला फोनवर सांगितलं, मी येऊन राहिलो, तर समोरच्यानं विचारलं की कोणाकडे राहिलास. पुण्याच्या पोराचं काय चुकलं? त्याला येणं माहीत, राहणं माहीत, दोन्ही जोडून त्यानं अर्थ काढला. आपल्या पोरीनं पुट आणि ऑफ जोडून काढला तसाच. आमच्याकडे करून राहिला, जेवून राहिली, पाऊस येऊन राहिला, यातला राहणं हा शब्द स्वतःचा अर्थ सोडून फक्त चालू आहे एवढं सांगतो, आणि हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, आईच्या बोलण्यातून आलं. मराठीत हे सगळीकडे आहे. एखादी मागणी उचलून धरली म्हणजे कोणी हातात उचलत नाही. डाव हाणून पाडला म्हणजे हाणामारी झाली असं नाही. काम उरकून टाकलं म्हणजे फेकून दिलं नाही. लाईन गेली म्हणतो तेव्हा लाईन चालत जात नाही. म्हणजे दोन शब्द जवळ आले की तिसराच अर्थ तयार होतो ही गोष्ट वऱ्हाडातल्या पोराला जगातल्या कोणाहीपेक्षा कमी कळत नाही, त्याला फक्त कोणी सांगत नाही की इंग्रजीत पण हेच चाललंय.

मला स्वतःला हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्रेजल व्हर्ब ही काहीतरी साहेबांची अवघड भानगड आहे असं पोरांच्या मनात बसलेलं असतं, आणि आपण पण तसंच शिकवतो. गंमत अशी की साहेबालाही ते अवघड वाटत होतं, म्हणजे स्वतःसाठी नाही तर परक्यासाठी. सॅम्युअल जॉन्सन यांची इंग्रजी डिक्शनरी 1755 ला लंडनमध्ये निघाली, तिच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला मागून छोटा शब्द लावून अर्थ बदलायची रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. फ्रेजल व्हर्ब हे नाव मात्र खूप नंतरचं, ते लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकांनी 1925 मध्ये छापलं आणि नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा जरा सैल झाली. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या खड्ड्याबद्दल लिहून ठेवलंय त्यात आपण पडलो, म्हणजे आपण बिनडोक नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफ काढला. दोन एफवाला ऑफ आणि त्याचाच भाऊ, एका एफवाला, जो आपण ‘चा-ची-चे’ साठी वापरतो, ते दोन्ही मुळात एकच शब्द होते, नंतर स्पेलिंग आणि काम वेगळं झालं. मूळ अर्थ पासून दूर, सुटून. हा अर्थ धरला की बरंच काही एका दोरीत येतं. टेक ऑफ युवर शूज, जोडे पायापासून दूर. विमान टेक ऑफ, जमिनीपासून सुटलं. डे ऑफ, कामापासून सुटलेला दिवस. स्विच ऑफ, करंटपासून तोडलं. पुट ऑफ, आजच्या तारखेपासून उचलून दूर नेऊन ठेवलं. मी एक वीट घेतली, फळ्याखाली जमिनीवर खडूनं वारांचे चौकोन काढले, वीट गुरुवारवर ठेवली आणि तिलाच म्हटलं उचल आणि सोमवारवर ठेव. तिनं ठेवली. वीट कुठे आहे? सोमवारवर. बंद झाली का? नाही. बस, तिथून पुढे तिला पुट ऑफ टिल मंडे कधी समजावं लागलं नाही.

पण एक सांगते, दूरचा अर्थ सगळीकडे चालतो असं पोरांना सांगायचं नाही. गो ऑफला तो फसतो. अलार्म गो ऑफ होतो म्हणजे वाजतो, फटाका गो ऑफ होतो म्हणजे फुटतो, दूध गो ऑफ होतं म्हणजे नासतं, आणि लाईट गो ऑफ होते म्हणजे जाते. एका पोरानं विचारलंच की मॅडम अलार्म ऑफ झाला तर तो वाजायचा बंद व्हायला पाहिजे ना. बरोबर विचारलं. गो ऑफ तसाच त्याच्या सोबतच्या गोष्टीसकट लक्षात ठेवावा लागतो, अलार्मसोबत एक, दुधासोबत एक. नियम जिथपर्यंत जातो तिथपर्यंत न्यायचा आणि पुढे नाही जात हे खरं सांगून टाकायचं.

आता पुट ऑफच्या शेजारी कॉल ऑफ ठेवला, कारण तिची मूळ भीती हीच होती की रद्द झालं आणि पुढे गेलं यातला फरक मेसेजमध्ये ओळखायचा कसा. कॉल ऑफ म्हणजे रद्द. यासाठी उदाहरण मला शोधावं लागलं नाही, तिच्याच मार्कशीटमध्ये होतं. ती 2020 च्या दहावीच्या बॅचची. त्या वर्षी भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. कोरोनामुळे आधी तो पुढे ढकलला आणि मग एप्रिलमध्ये रद्दच केला. मी विचारलं, मार्चमध्ये काय झालं? म्हणाली पुट ऑफ. आणि एप्रिलमध्ये? कॉल्ड ऑफ. मग मार्चमध्ये तू भूगोलाचं पुस्तक ठेवून दिलं होतं का? "नाही नं, पुट ऑफ होता तं अभ्यास करणंच पडे. रद्द झाला तवा ठेवलं." मी म्हटलं झालं, हाच फरक आहे, पुट ऑफमध्ये पुस्तक उघडं ठेवायचं. त्याच वर्षीचं टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं, 2020 च्या जुलैचं 2021 च्या जुलैत झालं, तिथं इंग्रजीत पुट ऑफ बाय अ इयर म्हणतात. कधीवर गेलं हे सांगायचं तर टिल किंवा अनटिल, किती पुढे गेलं हे सांगायचं तर बाय. हे दोन वेगळे आहेत हे ऑलिम्पिकमुळे लगेच कळलं.

मग एका पोरानं शंकरपटाचा विषय काढला आणि वर्ग अर्धा तास त्याच्यावरच अडकला, मी अडवलं नाही. बैलांच्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये बंदी आणली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटी घालून परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम केला. त्याचं म्हणणं, पट मधली इतकी वर्षं थांबून पुन्हा सुरू झाला तर मग तो पुट ऑफच झाला ना? बाकीचे म्हणे नाही, बंदी म्हणजे बंदी. भांडता भांडता त्यांनीच उत्तर काढलं: 2014 ला कोणी सांगितलं होतं का की पट अमुक साली होईल? नव्हतं. ठेवायला पुढची जागाच नव्हती तर पुढे ठेवला कसा म्हणायचा. पुढे काही होणार आहे हे धरलेलं असल्याशिवाय पुट ऑफ लागत नाही. हे इतकं नेमकं मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

पेरणीवर पण वाक्यं केली. जूनमध्ये कृषी विभागाचं सांगणं असतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दरवर्षी कोणीतरी मृगाच्या पहिल्या सरीवर सरकी टोबतोच आणि मग दुबार पेरणी. वी पुट ऑफ द सोइंग टिल द रेन्स केम. इथं एक बारीक गोष्ट निघाली, पुट हा शब्द आज पण पुट आणि काल पण पुट, रूप बदलतच नाही, त्यामुळे वाक्य आत्ताचं की झालेलं हे केमवरून ओळखायचं.

व्याकरणात दोनच ठिकाणी पोरी अडकल्या. एक, पुट ऑफ इट. असं नाही म्हणत, पुट इट ऑफ. नाव असेल तर मध्ये पण चालतं शेवटी पण चालतं, पुट ऑफ द वेडिंग, पुट द वेडिंग ऑफ, पण इट, देम, हिम असले छोटे शब्द मध्येच बसतात. आपण पण पुढे नको ढकलू म्हणतोच, नको मध्ये घुसतोच. दुसरं, सगळ्यांनी पुट ऑफ टू गो लिहिलं. इथं मराठीनं सोडवलं. जाणं पुढे ढकललं म्हणतो ना आपण, जायला पुढे ढकललं नाही म्हणत. ते जाणं म्हणजे गोइंग. शेवटी णं आलं की इंग्रजीत इंग. पुट ऑफ गोइंग, पुट ऑफ पेइंग, पुट ऑफ सोइंग. यानंतर टू फारसा कोणाच्या वहीत दिसला नाही.

माणसाला पुट ऑफ केलं की अर्थ आणखी वळतो. पैसे मागायला गेलं की उद्या ये, परवा ये करून टोलवणारे असतात, त्यांच्याबद्दल इंग्रजीत ‘ही पुट मी ऑफ’ म्हणतात. आणि एखाद्या वासानं जेवणावरून मन उडालं तरी द स्मेल पुट मी ऑफ माय फूड. एवढं सांगून मी सोडून दिलं, एका महिन्यात एवढं पुरे, तारखेवाला अर्थ आधी हाडात जाऊ दे असं मला वाटलं.

एक गोष्ट मला अजून सलते. मेसेजमध्ये पोस्टपोन्ड लिहिलं असतं तर ती सोमवारी पोचली असती. पेपर पोस्टपोन झाला, लग्न पोस्टपोन झालं, हे खेड्यात म्हातारी माणसं पण बोलतात. आणि पोस्टपोन हा तर लॅटिनमधून आलेला भारी शब्द, त्यात पण पोस्ट म्हणजे नंतर आणि पोन म्हणजे ठेवणं, पुट ऑफचंच दुसरं रूप. आम्हाला भारी शब्द सोपे आणि सोपे शब्द अवघड, कारण भारी शब्द एकाच अर्थानं आमच्या बोलण्यात येऊन बसलेत आणि पुट, गेट, टेक, गो हे शाळेत पहिलीलाच शिकून झाले असं धरून कोणी परत त्यांच्याकडे बघत नाही. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये पण पोरं अवघड शब्दांच्या याद्या घोकतात. दवाखान्यातून, बँकेतून, कंपनीतून येणारे मेसेज या छोट्या शब्दांनी भरलेले असतात, तिथं यादी उघडायला वेळ नसतो.

ती जागा गेली ती गेलीच. तिनं तिथं फोन करून आपलं नाव पुढच्या वेळेसाठी लिहून घ्या म्हणून सांगितलं, त्यांनी बरं म्हटलं, पुढे काही आलं नाही. मार्चमध्ये दारव्ह्यालाच एका मेडिकलच्या होलसेल दुकानात तिला काम लागलं, पगार त्या जागेपेक्षा कमी आहे पण रोज घरी येता येतं. तिथं कंपन्यांचे मेसेज इंग्रजीत येतात. एप्रिलमध्ये एक आला की गाडी उशिरा येणार, त्यात डिलिव्हरीबद्दल पुट ऑफ होतं पण तारीख नव्हती, तर तिनं मालकाला न विचारता स्वतः उलट मेसेज टाकला: पुट ऑफ टिल व्हेन? मला संध्याकाळी दाखवायला घेऊन आली. नुसता तीन-चार शब्दांचा मेसेज, पण जानेवारीत हा प्रश्न तिला सुचला नव्हता आणि आता पुट ऑफ दिसलं की आपोआप पुढच्या तारखेकडे नजर जाते.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते, तिच्या आईचा गुडघा दुखतो, किती महिने झाले दाखवायला जा म्हणतोय. मी गेले तेव्हा माय-लेकीचं तेच चाललं होतं. पोरगी म्हणाली, "माय, तू डॉक्टरकडे जाणं पुट ऑफ करून राहिली, बाकी काही नाही."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे काय म्हणून राहिली?"

मी म्हटलं, आजउद्या करता म्हणते.

"मंग खरंच हाय नं," आई म्हणाली. "सोमवारी जाऊ."

पोरगी लगेच बोलली, "टिल मंडे. पाय, मॅडमसमोर बोलली तू." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन तिनं सोमवारच्या चौकोनात पेननं गोल केला.